झोप लागती खरं...

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मानसिक आरोग्यावर पानभर लेख आला होता. चांगला होता, मी आईला वाचून पण दाखवला. फक्त त्यात एक वाक्य होतं की सीमाभागातल्या खेड्यांत अजून या विषयाची जागृती नाही आणि लोक सर्व्हेला नीट उत्तरं देत नाहीत, ते वाचल्यापासून डोक्यात भुंगा लागलाय, म्हणून हे पत्र. लांब होणार आहे. कापायचं असेल तर मधलं कापा, शेवटचं तेवढं कापू नका.

ती उत्तरं घ्यायला दारोदार फिरणाऱ्यांतली मीच एक होते.

दोन वर्षांमागं मी पाच महिने एका प्रोजेक्टवर काम केलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती, पैसे वेळेवर द्यायची, मोठ्या मॅडम स्वतःच्या डब्यातलं आम्हाला वाटून खायच्या. प्रोजेक्ट असा की गावातल्याच बाईला थोडं ट्रेनिंग द्यायचं, तिनं खचलेल्या माणसांशी पाच-सहा वेळा बसून बोलायचं आणि त्यानं फरक पडतो काय ते बघायचं. कल्पना झकासच. पण आधी कोण किती खचलंय ते मोजायला पाहिजे ना, ते मोजायचं काम आमचं. आम्ही आठ मुली, सगळ्या डिग्रीवाल्या, एका फॉर्ममागं ठरलेले पैसे. खानापूर तालुक्यातली जंगलाकडची गावं, बेळगावात वडगाव-शहापूरचे विणकर आणि निपाणीकडच्या बिड्या वळणाऱ्या बायका असा एरिया. ट्रेनिंग तीन दिवस, कन्नड आणि इंग्रजीत. मला कन्नड येतं, त्याची तक्रार नाही. मराठी फॉर्म आठवड्यानं टॅबवर आला. तो कुणी केला, कुठं बसून केला कुणास ठाऊक, पण करणारा कधी खानापूरच्या बाजारात फिरलेला नाही हे पहिल्या पानावरच कळलं.

मोजायची पट्टी म्हणजे पीएचक्यू-९. अमेरिकेत १९९९ च्या सुमारास तयार झालेली, आता जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्यापासून तीनपर्यंत मार्क, एकूण २७, आणि १० किंवा त्याच्यावर गेलं की माणूस आमच्या यादीत. पट्टी वाईट नाही हो, दवाखान्यात पाच मिनिटांत अंदाज येतो. पण पट्टीवरचे आकडे वाचता आले पाहिजेत की नको?

पहिल्याच आठवड्यात एका आजींकडं गेले. पासष्टी ओलांडलेली, पडवीत बसून शेंगा फोडत होत्या, सून आत चुलीपाशी, नातू मोबाईलवर, आणि कोण आलंय बघायला शेजारीण येऊन उंबऱ्यावर टेकलेली. फॉर्मवर लिहिलेलं की मुलाखत एकांतात घ्यावी. एकांत! त्या घरात एकांत म्हणजे गोठा, आणि तिथं म्हैस होती.

पहिला प्रश्न टॅबवर असा, "गोष्टी करण्यात कमी रस किंवा आनंद वाटणे." मी वाचला. आजींचा हात थांबला. म्हणाल्या, "आनंद आधी कवा वाटायचा ते तर इचार." याला टॅबवर बटण नाही. मग मी आपल्या मनानं म्हटलं, "म्हणजे आजी, कामात जीव रमतो काय?" तर म्हणे, "जीव रमवायला काम करतंय काय कोण?" पुढं ऑप्शन वाचले, निम्म्याहून जास्त दिवस म्हटलं की त्या विचारणार, "कशाच्या निम्मे?" दोन आठवडे म्हणून सांगितलं तरी बसेना. शेवटी माझ्याच लक्षात आलं की ह्या दिवस बाजारानं मोजतात. "मागच्या दोन बाजारांत" असं विचारल्यावर भराभर सांगायला लागल्या, ह्या बाजाराआधी दोन रात्री, त्या बाजारानंतर सगळ्याच.

आता नियमानं हे चालत नाही. प्रश्न आहे तसा वाचायचा, शब्द बदलायचा नाही, म्हणजे मी त्या दिवशी डेटा खराब केला. संध्याकाळी बसमध्ये बाकीच्या मुलींना विचारलं तर सगळ्यांनीच खराब केला होता आणि प्रत्येकीनं वेगळा! एकीनं "मन उडालंय काय" विचारलेलं, एकीनं "काळजात कसंतरी होतंय काय", एकीनं सरळ "टेन्शन हाय काय", आणि टेन्शन तर काय कंडक्टरला पण आहे. आठ जणींच्या आठ पट्ट्या आणि सगळं मोजमाप एकाच एक्सेलमध्ये.

पण मला खरी झोंबली ती पुढची गोष्ट. झोपेच्या प्रश्नाला आजी म्हणाल्या होत्या, "झोप लागती खरं मधीच जाग येती, मग उजाडस्तोवर कौलं मोजत पडायचं." काही मुलाखती रेकॉर्ड करायच्या होत्या, ही त्यातली एक. रेकॉर्डिंग बाहेर गेलं, तिकडं कुणीतरी ते उतरवून इंग्रजी केलं आणि महिनाभरानं थोडे कागद चेक करायला म्हणून आमच्याकडं परत आले. त्यात लिहिलेलं, "तिला खरोखर झोप लागते." झालं! आपल्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत शेंबड्या पोराला माहीत आहे, "येतो म्हटला खरं आलाच नाही" असं दिवसातून दहादा बोलतो आपण. लांबच्या माणसाला ते 'सत्य' वाटलं. त्याची काय चूक, तो ऐकेल तेच लिहिणार. आणखी एक गंमत सांगते. आमच्याकडं बायका पण "मी आलो, मी गेलो, मी जेवलो" म्हणतात, घरात मीही तशीच बोलते, लिहायला बसलं की शाळेतलं मराठी येतं. तर "मी आपलं एकटाच रडत बसतो" म्हणणाऱ्या दोघी बायका त्या कागदावर पुरुष झाल्या होत्या. आम्ही हसून हसून लोळलो. मग एकजण म्हणाली, आपल्याकडं दहा-बाराच कागद आलेत, बाकीचे कुणी बघितले? तेव्हा हसायचं थांबलं.

आणि हे करताना त्यांनी पद्धत चुकवली होती असंही नाही. पद्धत अशी असते की इंग्रजीचं मराठी एकानं करायचं, मग दुसऱ्यानं त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं, आणि दोन्ही इंग्रजी जुळली की पास. दोघंही शिकलेले, दोघंही शहरातले, दोघांचं जुळणारच की. आजींशी जुळतं काय हे बघायची त्यात पायरीच नाही. म्हणजे असते, चांगल्या अभ्यासात आधी पाच-पन्नास लोकांना प्रश्न वाचून दाखवून "तुम्हाला यातनं काय कळलं" असं विचारतात, पण ते आमच्याकडं झालं नाही, वेळ नव्हता म्हणे. वेळ नेमका तिथंच कमी पडतो.

यावर कुणी म्हणेल की बाई, भाषेचं रडगाणं नेहमीचंच तुमच्या सीमाभागाचं. तर नाही. १९५६ पासून आपल्याकडं प्रत्येक कागद भाषेच्या बाजूनं वाचायची सवय लागलीय हे मला मान्य आहे, मुलाखत घ्यायला गेलं की निम्म्या घरांत पहिला प्रश्न आम्हालाच, "आमची भाषा काय लिवली?" काही जणांना वाटायचं हा जनगणनेचाच काहीतरी प्रकार. खरं मी बोलतेय ते बोर्डावरच्या भाषेबद्दल नाही. बेळगाव जिल्ह्यात २०११ ला लोकसंख्या ४७ लाखांच्या वर, त्यात मराठी बोलणारे आठ लाखांहून जास्त, एवढ्या माणसांचं दुःख कुठल्या शब्दांत बाहेर पडतं हे कुणी एकदा बसून ऐकलंय काय, एवढंच विचारतेय. आणि हे तिकडं जत-अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या बाईलाही तेवढंच लागू आहे, तिला पुणेरी मराठीत "निराश वाटते का" विचारून काय मिळणार. आमच्या वडगावात उर्दू बोलणाऱ्या विणकरांची घरं आहेत, हल्याळ-खानापूरच्या रानात गवळी धनगरांचे वाडे आहेत, त्यांचं मराठी आमच्याहून वेगळं. सिद्दी लोक आहेत, पूर्वी आफ्रिकेतनं आलेल्यांचे वंशज, ज्यांना बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांत अनुसूचित जमातीत यायला २०२० उजाडलं. आमच्या यादीत सिद्दींचं एकही घर नव्हतं. रस्ता खराब म्हणून.

देशाचं बघायला गेलं तर निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेनं २०१५-१६ ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, १२ राज्यांत, जवळजवळ ३५ हजार मोठ्या माणसांशी बोलून. त्यातनं कळलं की १८ च्या वरच्या दर शंभरात दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता आणि आजाराप्रमाणं ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. त्या १२ राज्यांत आपलं कर्नाटक नव्हतं. निम्हान्स बेंगळूरची, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं मॉडेल १९८० च्या दशकात आपल्याच बळ्ळारीत तयार झालेलं, आणि त्या यादीत आपणच नाही. असो.

हे सगळं वेगळ्या तऱ्हेनं करता येतं हे बघायला लांब जायला नको, चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथं संगत संस्थेच्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, २०१७ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला. डिप्रेशनच्या जवळपास ५०० पेशंटचे दोन गट, एका गटाशी मानसशास्त्र न शिकलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ वेळा बसून बोलायचं, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ६४ टक्के त्यातनं बाहेर आले होते, दुसऱ्यातले ३९. मला त्यातलं आवडलं ते हे की प्रयोगाच्या आधी काही वर्षं त्यांनी नुसतं उपचार कसा असावा ते ठरवण्यात घालवली होती, पेशंटशी, त्यांच्या घरच्यांशी, ते बोलणं करणाऱ्यांशी बोलत, थोडं करून बघत, चुकलं की बदलत.

झिम्बाब्वेत हरारे शहरात तर आज्याच बसवल्यात. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर वस्तीतली आजी, आणि शेजारी ज्याला त्रास आहे तो. तिथं त्रासाला म्हणतात कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणं. विचार करून करून डोकं बधिर झालंय, असं आपली आई म्हणते ना, तेच. मोजायची पट्टी पण त्यांनी बाहेरनं आणली नाही, तिथल्या शोना भाषेत, तिथल्या लोकांच्या बोलण्यातनं १४ प्रश्न तयार केलेले होते, ते वापरले. ५७३ जणांवर तपासून २०१६ ला त्याचा निकाल छापला, सहा महिन्यांनी बाकवाल्यांची तब्येत दुसऱ्यांपेक्षा बरीच सुधारलेली. आता आमच्या आजींना बाकावर बसवलं तर पहिली पेशंट त्यांची सूनच असेल हा भाग वेगळा.

निर्वासितांचं म्हणाल तर युगांडात, दक्षिण सुदानमधनं पळून आलेल्या बायकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा एक कोर्स चालवला, पाच बैठका, वीस-तीस बायका एकत्र, आणि सगळं रेकॉर्ड केलेलं त्यांच्या जुबा अरबीत, चित्रांचं पुस्तक सोबत. वाचता येत नसलं तरी चालतं. ७०० च्या आसपास बायकांवर तपासला, त्रास कमी झाला, तीन महिन्यांनी थोडा कमी फरक उरला पण उरला. भांडणातनं, युद्धातनं जीव घेऊन आलेल्या बायका, त्यांच्यासाठी कुणीतरी त्यांच्या बोलीत आवाज भरून घेतला. आणि आम्हाला चंदगडी बोली सोडा, साधं बेळगावी मराठी मिळालं नाही!

निर्वासित म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचे तंबू आठवतात. आपले निर्वासित मुंडगोडला आहेत, बेळगावहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचाल. १९६६ पासूनची तिबेटी वसाहत, गादेन आणि द्रेपुंग मठ तिथं परत उभे राहिले, कर्नाटकात अशा पाच वसाहती आहेत. आपल्याकडचे लोक शनिवार-रविवारी जाऊन मठाचे फोटो काढून येतात, मी पण काढलेत. पण माझी ओळख स्वेटरमुळं. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्यांत एक मावशी आहेत, आई त्यांच्याकडनं दरवर्षी एक तरी काहीतरी घेते, नाही घेतलं तरी पाऊण तास बोलत उभी राहते, दोघींचं हिंदी असं की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. गेल्या थंडीत मावशींचा चेहरा उतरलेला. आईनं विचारलं क्या हुआ, तर छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "लुंग चढ गया है, दीदी." मला काही कळलं नाही. आई लगेच म्हणाली, "वारं. छातीत वारं धरलंय तिच्या, झोप नसंल." आणि बरोबर, झोप नव्हतीच. नंतर मी शोधलं तर तिबेटी वैद्यकात लुंग म्हणजे वाराच, आणि तो बिघडला की छाती धडधडते, मन ठिकाणावर राहत नाही, झोप उडते. दोन वेगळ्या मुलखांतल्या बाया, मधल्या भाषेत दोघीही कच्च्या, पण निदान अर्ध्या मिनिटात. आमच्या टॅबला ते जमलं नसतं.

मग मी त्यांना विचारलं, तुमच्याकडं येतात काय कोण असं फॉर्म घेऊन. म्हणाल्या येतात, शिकणारी पोरं येतात, बाहेरच्या देशातली पण येतात, आणि सगळी विचारतात तिबेटमधनं कसे आलात, वाटेत काय काय बघितलं, मारहाण झाली काय. अशा अभ्यासांचं महत्त्व आहेच, ज्यांनी तुरुंग बघितलाय त्यांचं दुःख कुणी विचारलंच पाहिजे. पण मावशी हसून म्हणाल्या, मैं तो मुंडगोड में पैदा हुई. त्यांचं वारं कशानं चढलेलं? पोरगा परदेशात जायचं म्हणतोय, जमिनीचा तुकडा कोण बघणार, नोंदणीचा कागद वेळेत रिन्यू होतो की नाही, आणि सासू विसराळू झालीय, गॅस चालू ठेवून देवळात जाते. याच्यातलं काही फॉर्मवर नाही. निर्वासित म्हणजे पळून आल्याची गोष्ट, असं फॉर्म करणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलंय. भारतानं १९५१ च्या निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळं कागदाची काळजी ही ह्या लोकांची रोजची, आणि कागद घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसापुढं ती काळजी कोण उघडी करेल? मुळात तोच एक कागदवाला.

आमच्या बायकांचं पण तसंच झालं. वडगावात एका घरात मी नऊच्या नऊ प्रश्न संपवले, मार्क आले १४, टॅब बंद केला, आणि उठताना सहज विचारलं की एवढं कशाचं घेतलंयस अंगावर. तर म्हणाली, "संघाचा हप्ता गं. तिघांचं घेतलंय. सोमवार आला की पोटात गोळा येतो." संघ म्हणजे फायनान्सचं कर्ज मिळून घेतलेला बायकांचा गट. पावरलूम बसलेली, एका फायनान्सचं फेडायला दुसऱ्याचं काढलेलं, गटातल्या एकीनं चुकवलं की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात. हेच ऐकत मी निपाणीपर्यंत गेले. फायनान्सवाल्यांच्या वसुलीचं प्रकरण शेवटी इतकं वाढलं की सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढावा लागला, ते तुमच्याच पेपरात रोज येत होतं. आणि आमच्या प्रोजेक्टमध्ये त्या बाईला काय मिळणार होतं तर श्वासाचा व्यायाम आणि दिवसातून एक आवडीचं काम करणं. सोमवारी दारात माणूस उभा आहे आणि ही श्वास मोजतेय. मी हे मीटिंगला सांगितलं तर उत्तर आलं की चांगला मुद्दा आहे, पुढच्या प्रोजेक्टला घेऊ, आता प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा ठरलेला आराखडा, मंजूर झालाय. प्रोटोकॉल मंजूर व्हायच्या आधी त्या दहा जणींतल्या दोघींना बोलावलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं की बोलण्याबरोबर कर्जाचा हिशोब मांडून देणारं कुणीतरी पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे. आम्हाला बोलवा, पण फॉर्म भरायला नको, फॉर्म ठरवायला बोलवा.

नववा प्रश्न मी अजून सांगितला नाही. तो जीव द्यावासा वाटण्याचा. आजींना विचारला तेव्हा शेंगा फोडायचा आवाज थांबला, सूनही आत थांबली असावी, भांड्याचा आवाज बंद झाला. आजी म्हणाल्या, "काय तरीच इचारतीस." मी "अजिबात नाही" दाबलं. निघाले तर गल्लीच्या टोकापर्यंत मला सोडायला आल्या आणि तिथं, आवळ्याच्या झाडाखाली, जे सांगायचं ते सांगितलं. ते इथं लिहीत नाही. मी मॅडमना फोन केला, त्यांनी खरंच धावपळ केली, पण माझ्याजवळच्या कागदावर पुढं काय करायचं ते इंग्रजीत होतं आणि डॉक्टर धारवाडचे. धारवाडला वेड्यांचं हॉस्पिटल, त्यामुळं आमच्याकडं धारवाडला नेणं म्हणजे काय समजतात ते तुम्हाला माहीत आहे, शाळेत असल्यापासून एकमेकांना चिडवतो आपण, "ह्याला धारवाडला धाडा." आजी म्हणाल्या, विहिरीत ढकल खरं धारवाड नको. आता तिथलं ते हॉस्पिटल, डिमहान्स, चांगली संस्था आहे, कितीतरी माणसं तिथनं बरी होऊन आलीत, पण पेशंटच्या डोक्यात त्या गावाच्या नावाला काय चिकटलंय हे माहीत नसलेल्या माणसानं तो कागद केला होता. शेवटी आमच्यातल्याच एकीची काकी आशा कार्यकर्ती, तिनं दोन महिने येता-जाता लक्ष ठेवलं, बीपीच्या गोळ्यांच्या निमित्तानं तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलं. आजी बऱ्या आहेत.

कायद्यात, नियमात हे सगळं आहे बरं का. आयसीएमआर, म्हणजे देशातलं वैद्यकीय संशोधन बघणारी केंद्राची संस्था, तिच्या २०१७ च्या नीतिनियमांत आहे की संमतीचा कागद माणसाला कळेल अशा भाषेत पाहिजे, समाजातल्या लोकांना सुरुवातीपासून सामील करून घ्यावं, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीती समितीवर साधा, डॉक्टर नसलेला माणूस पण हवा. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे ठरूनही जमाना झाला. पण आमचा संमतीचा कागद चार पानी, आजींनी अंगठा दिला आणि मला विचारलं, "रेशनचं हाय काय?" मी नाही म्हटलं, समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली. ती संमती होती की पाहुणी पोरगी उन्हातनं आलीय म्हणून केलेली भीड होती, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही. सल्लागार मंडळ पण होतं आमच्या प्रोजेक्टला, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक पंचायतीचे माजी सदस्य आणि एक संस्थेचेच ओळखीचे. फोटो आहे त्या मीटिंगचा. त्यात बाई एक पण नाही, आणि आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांत तीन हिश्श्यांहून जास्त बायका. शिवाय मंडळाला फक्त सांगायचं होतं, विचारायचं नव्हतं. एखादी बिडी वळणारी बाई बसवायची तर तिची त्या दिवसाची हजार बिड्यांची मजुरी बुडते, ती कोण देणार? मोठ्या लोकांना मानधन असतं, तिला चहा-बिस्कीट. तिची मजुरी बजेटमध्ये लिहा, प्रवास लिहा, पोराला सांभाळायला कुणी लागेल ते पण लिहा, मग म्हणा की लोक येत नाहीत.

आणि निकाल कळवा. प्रोजेक्ट संपला, गाडी आली, टॅब गोळा केले, आम्हाला सर्टिफिकेट मिळालं. कुठंतरी इंग्रजीत पेपर छापला असेल किंवा नसेल. आजी मला बाजारात भेटतात, दर वेळी विचारतात, "काय गं, माझ्या परीक्षेचा निकाल लागला काय? किती मार्क पडले?" मी एकदा त्यांना २७ पैकी म्हणून सांगितलं होतं ना, ते लक्षात आहे त्यांच्या. गावात एक संध्याकाळ, देवळापुढं सतरंजी टाकून, तुम्ही सगळ्यांनी मिळून आम्हाला हे हे सांगितलं, आम्हाला हे समजलं, हे चुकलं, असं कुणी सांगायला काय खर्च आहे? एका विमान तिकिटाएवढा पण नाही. पुढच्या वेळी दुसरी संस्था येईल तेव्हा ह्याच दारात येईल आणि तेव्हा दार अर्धंच उघडलं तर तुमच्या पुरवणीत परत तेच वाक्य येईल, लोक नीट उत्तरं देत नाहीत.

संपादक साहेब, दोन विनंत्या आहेत. टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पुरवणीत कुठंतरी कोपऱ्यात रोज छापा, मोफत आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं, आणि धारवाडला जावं लागत नाही. लेखात तो नव्हता. दुसरी विनंती तुमच्या प्रूफ तपासणाऱ्यांना. आजींच्या वाक्यातलं 'खरं' आहे तसंच राहू द्या, 'पण' करू नका.

आपली,
एक वाचक, खानापूर तालुका